रॉ फाइल, पाळीव जनावर आणि प्रत्यक्ष ज्ञानाचा प्रश्न

एकच रॉ फाइल डार्कटेबल आणि रॉथेरपी या दोन मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडली की पडद्यावर दोन वेगळी चित्रे येतात. शिरूर अनंतपाळच्या एखाद्या आखाड्यावर टिपलेला देवणी बैल एकात मऊ आणि उबदार दिसेल, दुसऱ्यात थंड आणि ठसठशीत. कॅमेऱ्याने स्वतः तयार करून दिलेले जेपेग तिसरेच काही सांगेल. बैल तोच, क्षण तोच, फाइलीत नोंदलेले आकडेही तेच. मग यांतले खरे चित्र कोणते? आणि एखाद्या चित्राला ‘खरे’ म्हणताना नेमके काय म्हणायचे असते? हा प्रश्न छायाचित्रणाचा जितका, तितकाच ज्ञानमीमांसेचा आहे. प्रत्यक्ष ज्ञानाविषयी भारतीय दर्शनांनी शतकानुशतके जो वाद घातला, त्यातले बहुतेक मुद्दे या साध्या प्रयोगात एकामागून एक समोर येतात.

रॉ फाइल ही मुळात प्रकाशाची मोजदाद असते. कॅमेऱ्याच्या संवेदकावर लाखो प्रकाशग्राही बिंदू असतात आणि प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाचा गाळक बसवलेला असतो. ही मांडणी कोडॅक कंपनीतले संशोधक ब्राइस बेयर यांची. तिचे पेटंट १९७६ सालचे. दर चार बिंदूंत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. हिरव्याला दुप्पट जागा मिळाली, कारण माणसाच्या डोळ्याला उजेडातले बारीक फरक त्या पट्ट्यात अधिक नीट कळतात. १२ बिटांच्या फाइलीत प्रत्येक बिंदूवरचा प्रकाश ४,०९६ पायऱ्यांत मोजला जातो, १४ बिटांच्या फाइलीत १६,३८४ पायऱ्यांत. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या उरतात. म्हणजे कॅमेरा जेपेग देतो तेव्हा काय ठेवायचे आणि काय टाकायचे याचा निर्णय आधीच होऊन गेलेला असतो. रॉ फाइलीत तो निर्णय माणसाच्या हाती राहतो.

हा निर्णय घेण्याची साधने आज पैसे न मोजता मिळतात. डेव्ह कॉफिन यांनी १९९७ मध्ये लिहायला घेतलेल्या ‘डीसीरॉ’ या छोट्या प्रोग्रामने कॅमेरा कंपन्यांच्या बंदिस्त फाइली उलगडून दाखवल्या. गाबोर होर्वाथ यांची रॉथेरपी २०१० मध्ये जीएनयू परवान्याखाली मुक्त झाली. डार्कटेबल २००९ पासून उपलब्ध आहे. तालुक्याच्या गावात प्रत्येकाकडे मोठा कॅमेरा असतोच असे नाही. पण ‘ओपन कॅमेरा’सारखे मोफत अ‍ॅप अनेक अँड्रॉइड फोनांमधून डीएनजी स्वरूपाची रॉ फाइल काढून देते. त्यामुळे गोठ्यातली गाय, दारातले गावरान कुत्रे किंवा दावणीची शेळी यांच्यावर हा प्रयोग करायला साध्या फोनचाही उपयोग होतो.

प्रयोगासाठी या भागातली जनावरे फार चांगली आहेत. शिरूर अनंतपाळला लागूनच देवणी तालुका आहे आणि त्याच नावाचा गोवंश लातूर जिल्ह्याची ओळख आहे. या वंशाचे तीन प्रकार रंगावरूनच ओळखतात. वान्नेऱ्याचे अंग पांढरे आणि तोंड काळसर, बाळंक्याचे अंग पांढरे पण पोटाखाली काळे ठिपके, शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे डाग. कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाची घडण मात्र समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी असते या गृहीतावर झालेली असते. उन्हात उभा वान्नेरा चौकटभर आला की मापक त्याला राखाडीकडे ओढतो. काळी उस्मानाबादी शेळी चौकटभर आली की तीही राखाडीच होते. एका जनावराचा पांढरेपणा जातो, दुसऱ्याचा काळेपणा. हे व्हायला कोणाला सॉफ्टवेअर उघडावेही लागत नाही. माणसाने संपादन सुरू करण्याआधीच यंत्राने एक मत बनवलेले असते, आणि ते मत जनावर न ओळखता बनवलेले असते. रॉथेरपीत किंवा डार्कटेबलमध्ये एक्स्पोजर वरखाली करून शेळीला पुन्हा काळे करणे ही म्हणूनच पहिली दुरुस्ती ठरते. ती न करणारा माणूस चित्राला हात न लावल्याचे समाधान मानतो, पण शेळी राखाडीच राहते.

येथून दर्शनशास्त्राचा प्रांत सुरू होतो. प्रत्यक्ष ज्ञानाच्या दोन अवस्था भारतीय तर्कशास्त्राने मानल्या. वस्तूशी इंद्रियाचा संबंध येताच होणारे, नाव-जाती-गुण यांची जोड नसलेले ज्ञान ते निर्विकल्पक. ‘ही गाय आहे, ती पांढरी आहे’ असे विशेषण-विशेष्य जोडून होणारे ज्ञान ते सविकल्पक. बौद्ध आचार्य दिङ्नाग यांनी यांतल्या पहिल्यालाच प्रत्यक्ष मानले. त्यांच्या मते कल्पनेचा स्पर्श होताच आपण वस्तूच्या स्वलक्षणापासून दूर जातो आणि मनाने रचलेल्या सामान्यात शिरतो. नैयायिकांनी हे मान्य केले नाही. वाचस्पतिमिश्रांनी न्यायसूत्रातल्या प्रत्यक्षाच्या लक्षणातच दोन्ही अवस्थांना जागा आहे असे दाखवले, आणि सविकल्पकही प्रत्यक्षच हे न्यायमत पक्के झाले. व्याकरणपरंपरेतल्या भर्तृहरींनी तर शब्दाची संगत नसलेले ज्ञान संभवतच नाही अशी भूमिका घेतली.

रॉ फाइलीकडे पाहणारा बहुतेक माणूस नकळत दिङ्नागांच्या बाजूचा असतो. कच्चे तेच खरे, संपादन म्हणजे कल्पना, आणि कल्पना म्हणजे खोट, असे त्याला वाटते. मोफत सॉफ्टवेअर हाताळून पाहिले की या समजुतीला पहिला धक्का बसतो. रॉथेरपीत रंग भरून काढण्याची प्रक्रिया, म्हणजे डिमोझेक, बंद करण्याची सोय आहे. ती बंद केली की संवेदकाची मूळ जाळी दिसते. बैलाचा डोळा शंभर टक्के आकाराला नेऊन पाहिला तर तिथे डोळा नसतो. लहान चौकटींची हिरवट नक्षी असते, काही चौकटी उजळ, काही मंद. बैल ओळखू येतो तो दूरवरून पाहिल्यावर, आणि तेही पाहणाऱ्याच्या मनाने चौकटी जोडल्यावर. ही जाळी पडद्यावर दिसण्यासाठीसुद्धा आकडे पडद्याच्या तेजाशी जुळवावे लागतात, म्हणजे एक विकल्प लावावाच लागतो. कसलाच विकल्प न लावलेली रॉ फाइल डोळ्यांना दिसू शकत नाही.

नव्यन्यायाने निर्विकल्पकाविषयी हेच सांगितले होते. गंगेशोपाध्यायांच्या तत्त्वचिंतामणीपासून जी परंपरा चालू झाली, तिच्या मते निर्विकल्पक ज्ञानाचे मनाने होणारे पुनर्ज्ञान, म्हणजे अनुव्यवसाय, होत नाही. ते झाले असले पाहिजे असे अनुमानाने ठरते. ‘ही गाय’ असे विशिष्ट ज्ञान व्हायला ‘गोत्व’ या विशेषणाचे ज्ञान आधी हवे, म्हणून ते मानायचे. विश्वनाथ पंचाननांनी भाषापरिच्छेदात त्यापुढचा निष्कर्ष नोंदवला आहे: निर्विकल्पक ज्ञान प्रमाही नसते आणि भ्रमही नसते. कारण खरे-खोटेपणा ‘हे असे आहे’ या जोडणीत असतो, आणि निर्विकल्पकात जोडणीच नसते.

रॉ फाइलीचे स्थान नेमके हेच आहे. ती खरी नाही आणि खोटीही नाही. ‘बैल पांढरा आहे’ असे ती म्हणतच नाही. अमुक बिंदूवर अमुक इतका प्रकाश पडला, एवढेच तिच्यात असते. तिला सत्याचे शुद्ध रूप मानणे ही श्रेणीची चूक आहे. सत्य-असत्याचा प्रश्न चित्र घडवताना, म्हणजे सविकल्पकाच्या पायरीवर उभा राहतो आणि तो टाळता येत नाही.

वारकरी विचारात वाढलेल्या वाचकाला येथे निर्गुण-सगुणाची उपमा सुचणे स्वाभाविक आहे: रॉ फाइल निर्गुण, तयार चित्र सगुण. उपमा मोहक असली तरी ती स्वीकारू नये. निर्गुण म्हणजे सर्व उपाधींच्या पलीकडचे. रॉ फाइल उपाधींनी भरलेली असते. भिंगाचा दोष, शटरचा वेग, गाळकाचा रंग, संवेदकाच्या उष्णतेने उमटलेले खोटे बिंदू हे सगळे तिच्यात आहे. संध्याकाळच्या मंद उजेडात टिपलेल्या काळ्या कुत्र्याच्या फाइलीत जे रंगीत कण दिसतात, ते कुत्र्याच्या अंगावर नव्हते. म्हणजे कच्च्या नोंदीतही जनावराचे नसलेले पुष्कळ असते, आणि ते बाजूला काढल्याशिवाय जनावर नीट दिसत नाही.

ते बाजूला काढण्याचे काम अनुमानाचे आहे. डिमोझेक म्हणजे प्रत्येक बिंदूवर न मोजलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून ठरवणे. तयार चित्रातल्या रंगाच्या आकड्यांपैकी दोन तृतीयांश आकडे अशा रीतीने ठरवलेले असतात. त्यामागे एक व्याप्ती गृहीत असते: जिथे पृष्ठभाग सलग असतो तिथे रंग हळूहळू बदलतो. बैलाच्या पाठीवर ही व्याप्ती टिकते. कुत्र्याच्या मिशीवर ती मोडते. काळ्या तोंडावरून गेलेला पांढरा केस एका बिंदूइतका किंवा त्याहूनही बारीक असतो. तो केस लाल गाळकाच्या बिंदूवरून गेला की आकडेमोड तेथे लालसर ठिपका ठेवते, निळ्यावरून गेला की निळसर. मोठे करून पाहिल्यावर मिशीवर जांभळे-हिरवे मणी ओवल्यासारखे दिसतात. न्यायशास्त्र याला हेत्वाभास म्हणेल. हेतू काही ठिकाणी साध्याबरोबर राहतो आणि काही ठिकाणी राहत नाही, म्हणून तो सव्यभिचार. रॉथेरपीत अमेझ, आरसीडी, एलएमएमएसई अशा वेगवेगळ्या पद्धती निवडता येतात. अमेझ चांगल्या उजेडातली बारीक लव नेमकी उलगडते. उजेड कमी असेल आणि कण जास्त असतील तेव्हा एलएमएमएसई बरी पडते. एकाच मिशीवर तिन्ही लावून पाहणे हा हेतूंची परीक्षा करण्याचा अगदी डोळ्यांसमोरचा धडा आहे.

पूर्ण पांढरे फटक झालेले भाग याहून अवघड. दुपारच्या उन्हात वान्नेऱ्याच्या वशिंडावर संवेदक भरून जातो आणि तेवढ्या जागेत आकडा कमाल मर्यादेला टेकतो. तेथे लव होती, सावली होती, पण नोंद नाही. डार्कटेबलचे हायलाइट रिकन्स्ट्रक्शन शेजारच्या भागावरून आणि न भरलेल्या रंगवाहिन्यांवरून तो भाग बांधते. निदान एका वाहिनीत काही उरले असेल तर त्या अनुमानाला आधार असतो. तिन्ही भरल्या असतील तर सॉफ्टवेअर जे दाखवते त्याला प्रमाण म्हणता येत नाही. तेथे पांढरे तसेच ठेवणे अधिक प्रामाणिक. नोंद नव्हती हे त्यातून कळते.

रंगाच्या बाबतीत प्रश्न आणखी खोल जातो. निळ्या ताडपत्रीच्या सावलीत बांधलेला पांढरा बैल खरोखरच निळसर प्रकाश परावर्तित करतो. संवेदकाने निळा नोंदला, तो बरोबर नोंदला. माणसाचा डोळा मात्र सावलीची सवय करून घेतो आणि बैलाला पांढराच पाहतो. व्हाइट बॅलन्स लावणे म्हणजे संवेदकाच्या सत्यावर डोळ्याचे सत्य बसवणे. दोन्ही सत्ये आपापल्या जागी टिकतात. मापायचे असेल तर पहिले लागते, ओळखायचे असेल तर दुसरे.

आणि डोळा म्हणजे माणसाचाच डोळा कशावरून? कुत्र्याच्या दृष्टिपटलात रंग ओळखणाऱ्या शंकूंचे दोनच प्रकार असतात, माणसाच्यात तीन. गाईबैलांचेही तसेच. लाल आणि हिरव्याचा जो फरक माणसाला ठळक दिसतो तो त्यांना तसा दिसत नाही. निळा आणि पिवळा मात्र वेगळे कळतात. पोळ्याला शिंगांना लावलेला लाल हिंगूळ बैलाला माणसासारखा लाल दिसत नसणार. बेयरच्या जाळीत हिरव्याला दुप्पट जागा देण्यापासून पडद्याच्या तीन रंगांपर्यंत ही सारी व्यवस्था मानवी डोळ्याच्या मापाने शिवलेली आहे. पाळीव जनावराचे ‘खरे रंग’ म्हणजे माणसाला दिसणारे रंग, एवढाच त्या शब्दांचा अर्थ होतो.

महानुभाव परंपरेतल्या दृष्टांतपाठात, जो चक्रधरस्वामींच्या दृष्टांतांवरून केसोबासांनी सिद्ध केला, हत्ती आणि आंधळ्यांचा दृष्टांत आहे. प्रत्येकाच्या हाती हत्तीचा एक अवयव आणि प्रत्येकाचे वर्णन वेगळे. जैन नयवादही असेच सांगतो: एका दृष्टीने केलेले विधान त्या दृष्टीपुरते खरे असते. यावरून सगळीच चित्रे सारखी खरी ठरतात असे समजणे मात्र उतावीळपणाचे होईल. हत्तीच्या पायाला खांब म्हणणारा अपुरा आहे. पण ज्याने हत्तीला हातच लावला नाही आणि शेजाऱ्याचे ऐकून सोंडेला पंख जोडले, त्याची गणती त्या आंधळ्यांत होत नाही. दृष्टी मर्यादित असणे आणि दृष्टी नसताना बोलणे यांत फरक आहे, आणि संपादनाची सारी नीती या फरकावर उभी आहे.

पाहणारे जनावर हा केवळ विषय नसून तेही ज्ञाता आहे, याकडे शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी, अध्यासाच्या विवेचनात लक्ष वेधले आहे. हातात काठी उगारलेला माणूस दिसला की जनावर मागे फिरते आणि हातात हिरवे गवत दिसले की जवळ येते. माणसाचा प्रमाण-प्रमेयव्यवहार याहून वेगळा नाही, असे आचार्य म्हणतात. जनावरही ‘हे भीतीचे, हे भुकेचे’ अशी जोडणी करत असते. कॅमेरा पाहून कान टवकारणारे कुत्रे हा दुसरा पाहणारा आहे. त्याच्या डोळ्यातल्या चमकेबाबत सॉफ्टवेअर कसे अडखळते ते पाहण्यासारखे आहे. कुत्रा, मांजर, गाय यांच्या दृष्टिपटलामागे प्रकाश उलटवणारा एक थर असतो. त्यामुळे फ्लॅशमध्ये त्यांचे डोळे हिरवे, पिवळे किंवा निळसर चमकतात. माणसाच्या ‘लाल डोळ्या’साठी केलेली दुरुस्ती लाल रंग शोधते, म्हणून येथे तिचा काही उपयोग होत नाही. ती चमक पुसावी का? तो थर हे त्या प्राण्याच्या डोळ्याचे वास्तव आहे, रात्री पाहण्याची त्याची शक्ती त्यातून आलेली आहे. फ्लॅशने मात्र तो थर अशा रीतीने उजळला की एरवी माणसाला तो तसा दिसत नाही. चमक थोडी मंद करणे समजण्यासारखे आहे. तिच्या जागी माणसासारखी काळी बाहुली रंगवणे म्हणजे प्राण्याला त्याचा नसलेला डोळा देणे.

रूप बदलणे म्हणजे फसवणूक, असे सरसकट म्हणता येत नाही, हे मराठवाड्यातला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. दुसऱ्या दिवशी बैल धुऊन काढतात, शिंगे रंगवतात, त्यांना बेगड लावतात. अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळा, कपाळावर बाशिंग, नवी म्होरकी, नवा कासरा. पांढऱ्या अंगावर गेरूचे ठिपकेही उठवतात. गेरूचे ठिपके पाहून कोणी बैलाला शेवरा समजत नाही. शृंगार उघड असतो, सर्वांना ठाऊक असतो, आणि तो त्या जनावराच्या मानासाठी असतो. रॉ चित्र कृष्णधवल करणे, कडा काळोख्या करून चेहऱ्याकडे नजर आणणे, सायंकाळचा सोनेरीपणा किंचित वाढवणे हे याच जातीचे.

आता हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार घ्यावा. उदगीर तालुक्यातल्या या बाजाराचे नाव दूरवर आहे, आणि आता जनावराचा फोटो आधी फोनवर जातो, माणूस मागून येतो. शेवऱ्याच्या अंगावरचे दोन डाग गिंपमध्ये किंवा डार्कटेबलच्या रिटच मॉड्यूलने पुसले तर तो चित्रात वान्नेरा दिसू शकतो. काम काही मिनिटांचे. पांढऱ्या अंगाचा उजळपणा वाढवण्यापेक्षा ही कृती कितीतरी लहान जागेत होते, तरी ती फार मोठी आहे, कारण जनावर ज्या खुणेने ओळखायचे तीच खूण गेली. न्यायमतातली अन्यथाख्याती हीच: एक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या धर्माने दिसणे, शिंपल्यात रुपे दिसणे. प्रभाकरमीमांसकांचे मत वेगळे होते. त्यांच्या मते भ्रमात खोटे असे काही दिसत नाही. दोन ज्ञानांतला भेद न कळणे एवढाच तो दोष. डाग पुसलेल्या फोटोबाबत प्रभाकरांची मांडणी अपुरी पडते. पाहणाऱ्याच्या हातून येथे भेद निसटलेला नाही, तो त्याच्यासमोरून काढून घेतला आहे. कानातला पिवळा बिल्ला, ज्यावर जनावराचा बारा अंकी ओळखक्रमांक असतो, तो ‘फोटोत बरा दिसत नाही’ म्हणून पुसणे हेही त्याच प्रकारचे, आणि वेसणीची जखम झाकणे तर त्याहून वाईट. तेथे खरेदीदाराबरोबर जनावरावरही अन्याय होतो.

संपादनाची मर्यादा किती आकडे बदलले यावर ठरत नाही, हे यातून दिसते. एक्स्पोजर बदलले की फाइलीतला प्रत्येक बिंदू बदलतो, तरी बैल तोच राहतो. शंभर बिंदू पुसले की बैल दुसरा होतो. चित्रावरून पाहणारा जे विधान करील ते जनावराला लागू पडते का, ही कसोटी अधिक भरवशाची.

ही कसोटी लावायची कशी, हा प्रामाण्याचा प्रश्न आहे. मीमांसकांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःच कळते. ज्ञान झाले की ते खरे धरायचे, बाध आला तर सोडायचे. नैयायिकांच्या मते प्रामाण्य परतः कळते, म्हणजे त्या ज्ञानावर विसंबून केलेली प्रवृत्ती सफल झाली की ते ज्ञान खरे होते असे ठरते. फोटो पाहून बाजाराला गेलेल्या माणसाला तसाच बैल भेटला, ही प्रवृत्तीची सफलता. फोटोच्या बाबतीत मीमांसकांचा विश्वास आता पुरत नाही. नैयायिकांची सावधगिरीच हवी.

मुक्त सॉफ्टवेअरचे खरे मोल येथे आहे. पैसे लागत नाहीत हा त्याचा लहान गुण. रॉथेरपी आणि डार्कटेबल मूळ रॉ फाइलीत काहीही लिहीत नाहीत. केलेले बदल शेजारी वेगळ्या छोट्या फाइलीत उतरतात: रॉथेरपीत पीपी३, डार्कटेबलमध्ये एक्सएमपी. पीपी३ साध्या मजकुराची असते; एक्स्पोजर किती वाढवले, कण घालवण्यासाठी काय केले, कोणती डिमोझेक पद्धत लावली हे साध्या टेक्स्ट एडिटरमध्येही वाचता येते. एक्सएमपीतले आकडे सांकेतिक रूपात असतात, पण कोणती प्रक्रिया कोणत्या क्रमाने झाली याची यादी तिच्यात असते, आणि डार्कटेबलच्या हिस्ट्री पट्टीत एकेक पायरी मागे जाऊन पाहता येते. शिवाय त्या प्रत्येक प्रक्रियेचा प्रोग्राम उघडा आहे. जाणकाराला ती तपासता येते. कॅमेऱ्याच्या किंवा फोनच्या आतले जेपेग करणारे यंत्र ही सोय देत नाही. फोनने कुत्र्याची लव इस्त्री केल्यासारखी सपाट केली, तर तसे का केले हे विचारायला जागा नसते. ज्ञानाची कारणसामग्री जिथे उघड, तिथे परतःप्रामाण्याची परीक्षा शक्य होते. जिथे ती झाकलेली, तिथे फक्त विश्वास ठेवता येतो.

धर्माच्या दृष्टीने यात आणखी एक बाजू आहे. माणसाचा फोटो बिघडवला तर तो तक्रार करतो. जनावर करू शकत नाही. गीतेच्या पाचव्या अध्यायात विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती आणि कुत्रा यांना समदृष्टीने पाहणाऱ्याला पंडित म्हटले आहे, आणि ती समदृष्टी जनावराला माणसासारखे सुंदर करून मिळत नाही. नरसीच्या नामदेवांची कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते: कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. त्यांना त्या कुत्र्यात विठ्ठल दिसला. नसलेले आरोपिले म्हणून हाही अध्यास, असे कोणी म्हणेल. फरक असा की नामदेवांच्या पाहण्याने कुत्र्याचे काहीच पुसले गेले नाही. ते धुळीने माखलेले, भुकेले, भाकरी पळवणारे कुत्रेच राहिले, आणि तसेच असताना पूज्य ठरले. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, जिथे देवाच्या सेवेतले वाघ्ये आणि विकायला-दाखवायला आणलेली जनावरे एकाच माळावर असतात, हीच दृष्टी लोकांच्या वागण्यात उतरलेली दिसते. अशा दृष्टीने रॉ फाइल हाती घेतली तर फाटका कान, म्हातारपणी पांढरी पडलेली मिशी, खरजेने गेलेली लव हे दोष म्हणून समोर येत नाहीत. कण काढावेत, रंगातला ताडपत्रीचा निळेपणा काढावा, सावलीतला डोळा उजळावा. पण कान फाटकाच असू द्यावा.

मेलेल्या जनावराच्या फोटोची गोष्ट निराळी आहे, आणि पाळीव प्राण्यांच्या जुन्या फाइली पुन्हा उघडण्याचे ते सर्वांत नेहमीचे कारण असते. घरच्याला आठवते त्यापेक्षा चित्रातले कुत्रे फिकट वाटते आणि तो तांबूसपणा वाढवत जातो. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात, ज्यावर आठल्ये आणि बोडस यांनी १८९७ मध्ये मुंबईतून विस्तृत टिपणांची आवृत्ती काढली, ज्ञानाचे अनुभव आणि स्मृती असे दोन भाग केले आहेत. प्रमा ही अनुभवाचीच असते. स्मृती यथार्थ किंवा अयथार्थ ठरते ती तिच्या मुळाशी असलेल्या अनुभवावरून. आठवणीला जुळवून रंगवलेले चित्र हे स्मृतीचे चित्र आहे आणि त्यात गैर काही नाही; घरातल्या भिंतीवर तेच लागावे. ते अनुभवाचे चित्र म्हणून पुढच्या पिढीकडे जाऊ नये एवढेच. प्रवृत्तीच्या सफलतेची परीक्षा येथे बंद झालेली असते, कारण जाऊन पाहायला कुत्रे उरलेले नसते. उरतात ती रॉ फाइल आणि तिच्या शेजारची पीपी३. त्या दोन्ही असतील तर आठवणीने किती भर घातली हे कोणालाही पायरीपायरीने मागे जाऊन पाहता येते. जागा वाचवण्यासाठी रॉ फाइल पुसून फक्त जेपेग ठेवले, तर प्रत्यक्षाची वाट संपते, अनुमानाला हेतू उरत नाही, आणि त्या चित्राला शब्दप्रमाणाचा दर्जा येतो. ते खरे मानायचे की नाही, हे मग ते देणारा माणूस आप्त आहे की नाही यावर ठरते.